‘करू की, साहेब’

काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, आमच्या दाळमिलमध्ये एका रात्रीत ऐंशी क्विंटल तुरीचा माल बिघडला. लातूरच्या बाजारात तुरीची आवक जोरात असण्याचे ते दिवस होते. रोल्यावर, म्हणजे टरफल घासून काढणाऱ्या फिरत्या यंत्रावर, चरे पाडून, तेल लावून ओट्यावर वाळत घातलेली तूर गोळा करतानाच आभाळ भरून आले, अवकाळीचे चार शिंतोडे पडले आणि माल पुरता वाळलेला नसताना रात्रपाळीत भरडायला घेतला गेला. तूर दमट असली की टरफल सुटत नाही. टरफल सुटत नाही म्हणून माल पुन्हा पुन्हा रोल्यातून फिरवावा लागतो. आणि जितका फिरवावा तितकी दाळ तुटते व तिचा चुरा, म्हणजे चुनी, वाढते. एरवी शंभर किलो तुरीमागे सत्तर किलोच्या आसपास दाळ हाती येते. त्या रात्री साठीसुद्धा गाठली गेली नाही, आणि जी दाळ आली तिच्यात खंडा, म्हणजे तुकडाच, फार होता.

सकाळी मी रोला चालवणाऱ्या मिस्त्रींना विचारले. त्यांना मिलमध्ये सगळे मामा म्हणतात. वयाने ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आहेत. ते म्हणाले, “दोनलाच कळलं हुतं साहेब. मूठभर हातात घेतल्याबरोबर.” मग फोन का केला नाही, असे विचारल्यावर त्यांनी जमिनीकडे पाहिले आणि म्हणाले, “सांगणारच हुतो.” यापुढे एक शब्द नाही. खरे कारण मला दोन दिवसांनी दुसऱ्याच एका माणसाकडून कळले. आठ महिन्यांपूर्वी मामांनी मला रात्री दीड वाजता फोन करून माल वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या पट्ट्याचा आवाज येत असल्याचे सांगितले होते, आणि मी झोपेतच खेकसलो होतो की, “एवढ्यासाठी उठवलंस का? पट्टा सरकला तर नीट करायला तुला येत नाही का?” मला तो फोन आठवतही नव्हता. मामा मात्र ते विसरले नव्हते. दिवसा ज्यांना मी ‘अहो मामा’ म्हणतो त्यांना मी त्या रात्री ‘अरे’ केले होते, हेही ते विसरले नसावेत.

ऐंशी क्विंटलच्या नुकसानीचा हिशेब मिलचे मालक असलेल्या शेठजींसमोर मांडताना मी कारण लिहिले ते ‘अवकाळी पाऊस’. ते खोटे नव्हते, पण माल बिघडतो आहे हे मामांना रात्री दोनलाच कळले होते आणि मामांच्या तोंडून ते मला कळू न देण्याची व्यवस्था मी स्वतःच आठ महिने आधी करून ठेवली होती.

डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर होतो आणि तिथे असताना संवादकौशल्यावरची तीन-चार प्रशिक्षणे मी घेतली आहेत. हॉटेलातला वातानुकूलित हॉल, दोन दिवस, जेवणात गुलाबजाम, शेवटी प्रमाणपत्र. वरिष्ठाने कसे बोलावे, नजरेला नजर कशी द्यावी, सूचना मुद्देसूद कशी द्यावी, टीका करण्यापूर्वी कौतुक कसे करावे, हे सगळे तिथे शिकवले. ते निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मला जे नडले ते माझे बोलणे क्वचितच होते. समोरच्याने जे बोलायचे टाळले ते मात्र वारंवार नडले, आणि त्याबद्दल त्या हॉलमध्ये कोणी अवाक्षर काढले नव्हते. पदाची एकेक पायरी चढताना माणसाला कमी ऐकू येऊ लागते. कान शाबूत असतात; आवाजच गाळून वर येतो.

आमच्याकडे हा गाळलेला आवाज फार सभ्य भाषेत येतो. कोणतेही काम सांगितले की उत्तर ठरलेले असते, “करू की, साहेब.” नवीन आलेला अधिकारी, विशेषतः पुण्या-मुंबईकडचा, हे ऐकून निश्चिंत होतो आणि संध्याकाळी काम झालेले नाही हे पाहून माणसे खोटारडी आहेत असे ठरवून टाकतो. मी इथलाच, औसा तालुक्यातला, तरीही मला हे वाक्य वाचायला पुष्कळ वर्षे लागली. एक ‘करू की’ म्हणजे खरोखरच करतो. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की तुमचे ऐकले, आता पुढे बघू. तिसऱ्याचा अर्थ, हे होणे शक्य नाही, पण तुमच्या तोंडावर तसे सांगणारा मी कोण? आणि चौथा, सगळ्यांत महागात पडणारा अर्थ असा की तुम्ही काय म्हणालात ते मला कळलेच नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. फरक पुष्कळदा त्या ‘की’मध्ये असतो. ‘की’ आखूड असेल तर काम झाले असे समजावे. तो लांबला, आणि त्याच्यापाठोपाठ “हुतंय, बगू” आले, तर आपण स्वतः जाऊन पाहावे हे बरे.

यात लबाडी नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. मोठ्या माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे हा आमच्या घरांत उद्धटपणा मानला जातो. पाहुणा उपाशी असला तरी “जेवूनच आलो” म्हणतो, आणि यजमानाने ते खरे मानायचे नसते. तीनदा आग्रह करायचा असतो. घरात ही रीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिचे काही बिघडत नाही. मिलमध्ये मात्र साहेब पहिल्याच ‘जेवूनच आलो’वर विश्वास ठेवून निघून जातो. याच्या मुळाशी आणखी एक जुनी गोष्ट असावी असे मला वाटते, पण हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कागद उर्दूत चालत. माझ्या आजोबांना उर्दू वाचता येत नसे. न कळलेल्या कागदावर मान डोलवून अंगठा उठवणे आणि तिथून लवकर निघणे, हे त्यांच्या पिढीचे शहाणपण होते. साहेबाच्या टेबलापुढे उभे राहण्याची ती ढब नातवंडांपर्यंत उतरली असेल तर नवल नाही.

त्या फेब्रुवारीनंतर मी आधी स्वतःचे प्रश्न बदलून पाहिले. “झालं का?” या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर शक्य असते, म्हणून तो सोडला. “काही अडचण?” हा तर त्याहून वाईट, कारण त्याचे उत्तर “काय न्हाई साहेब” असे शिवलेलेच असते. मग मी विचारू लागलो की आज सगळ्यांत जास्त कोणत्या मशीनने सतावले. या प्रश्नात काहीतरी बिघडले आहे हे आधीच गृहीत असते, त्यामुळे सांगणाऱ्यावर बिघाडाची बातमी आणल्याचे ओझे येत नाही. पहिल्या दिवशी उत्तर आले नाही. मी गप्प उभा राहिलो. गप्प राहणे हे अधिकाऱ्याला किती जड जाते हे ज्याने केले त्यालाच कळेल. मनातल्या मनात मी दहापर्यंत आकडे मोजत होतो. नवव्या आकड्याला एक पोरगा म्हणाला, “दोन नंबरच्या एलेव्हेटरची बकेट घासतीय, पंधरा दिस झाले.” पंधरा दिवस! मी रोज त्याच एलेव्हेटरजवळून जात होतो.

जागेचाही संबंध असतो. माझ्या केबिनमध्ये दोन खुर्च्या समोर मांडलेल्या आहेत, पण तिथे येणारा कामगार कितीही आग्रह केला तरी बसत नाही, आणि उभ्या माणसाचे बोलणे दोन वाक्यांत संपते. तोच माणूस गोडाऊनमध्ये कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीला टेकून अर्धा तास बोलतो. म्हणून पाळी बदलताना पंधरा मिनिटे मी तिथे जाऊन बसू लागलो. पहिले काही आठवडे माझ्यामुळे तिथल्या गप्पा बंद पडत. लोक तंबाखूची पुडी खिशात सारत आणि उठून जात. त्याचा मला रागही येई. पण मी जात राहिलो आणि हळूहळू मी तिथला एक कट्टा झालो.

सूचना कळली की नाही हे पाहण्यासाठी ती परत म्हणवून घेणे हा उपाय पुस्तकी आहे आणि तो नीट वापरला नाही तर अपमानकारक आहे. पन्नाशीच्या माणसाला “काय सांगितलं ते परत सांग” म्हणणे म्हणजे त्याला शाळेत उभे करणे. मी म्हणतो, “माझ्या सांगण्यात काही राहिलं का ते बघतोय मामा, तुम्हाला कसं कळलं ते सांगा.” परीक्षा माझी होते. यात थोडे नाटक आहे, हे मला मान्य आहे; पण बऱ्याचदा राहिलेले खरोखर माझ्याच सांगण्यात असते.

दरारा आणि अपघात यांचा संबंध किती जवळचा असू शकतो याचे जे उदाहरण माझ्या मनातून जात नाही ते विमानांचे आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा जीवघेणा अपघात मानला जातो. त्यांपैकी केएलएम या डच विमानकंपनीच्या विमानाचा कप्तान त्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता; इतर वैमानिकांना तो प्रशिक्षण देत असे. नियंत्रण कक्षाने उड्डाणाची परवानगी दिलेली नसतानाच त्याने उड्डाणासाठी विमान धावपट्टीवर पळवायला घेतले. विमान धावू लागले तेव्हा त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचे बोलणे ऐकून शंका काढली होती की ते दुसरे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेले नाही की काय. कप्तानाने ठामपणे सांगितले की झाले आहे. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही क्षणांत सगळे संपले. अपघाताची कारणे अनेक होती: धुके, रेडिओवर एकाच वेळी झालेल्या बोलण्यामुळे बुजलेले शब्द, उशीर, गर्दी. पण त्यानंतर विमानकंपन्यांनी जे शिकायला घेतले त्यात एक मोठा भाग असा होता की कनिष्ठाने शंका दुसऱ्यांदा, ठामपणे कशी मांडावी आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकावी. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून या प्रशिक्षणाची सुरुवात झाली आणि आज ते जगभर वैमानिकांना घ्यावेच लागते. मी तो इंजिनिअर आणि आमचे मामा यांना शेजारी शेजारी उभे करून पाहतो. एकाने निदान एकदा तरी विचारले होते. मामांनी विचारले नाही, कारण त्यांनी आठ महिने आधी विचारून पाहिले होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या एमी एडमंडसन यांच्या संशोधनाची आहे. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना चांगल्या चमूकडून कमी चुका होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या चमूंत नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते तिथे चुकांची नोंद जास्त होती. त्यांनी त्याचा उलगडा असा केला की तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तिथे त्या सांगितल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधाने, माणसे न घाबरता बोलू शकतात का या विषयाला कामाच्या ठिकाणच्या अभ्यासात पक्की जागा मिळवून दिली. हे वाचल्यावर मी आमचे पाळीचे रजिस्टर काढून पाहिले. ऐंशी क्विंटल बिघडण्याच्या आधीच्या संपूर्ण महिन्यात ‘शेरा’ या रकान्यात ‘निरंक’ लिहिलेले होते. दररोज, प्रत्येक पाळीत, एकाच वळणाच्या अक्षरात निरंक. मी त्या रजिस्टरवर सह्या करत होतो आणि मनात खूशही होतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा दोष फक्त माझ्या हाताखालच्या माणसांत असतो. मी स्वतः वरच्या दिशेने काय करतो तेही सांगायला हवे. एका मोठ्या खरेदीदाराकडून मिलची पाहणी करायला माणूस येणार होता आणि शेठजींनी जी तारीख सांगितली ती येळवसेची होती. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना याचा अर्थ लगेच कळेल, इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडची गावेच काय, शहरेसुद्धा ओस पडतात. सगळे शेतात जातात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असे जेवण होते. शेत नसलेला माणूस मित्राच्या शेतात जातो. त्या दिवशी मिल चालू ठेवणे शक्य नाही हे मला शेठजींनी तारीख उच्चारताक्षणी ठाऊक होते. शेठजी बाहेरून येऊन इथे उद्योग करणारे, त्यांना तारखेवरून ते कळले नव्हते. मी म्हणालो, “हो शेठजी, करतो व्यवस्था.” का म्हणालो? त्या आठवड्यात ते उधारीच्या वसुलीवरून आधीच चिडलेले होते, एवढेच कारण. चार दिवस मी रोज ठरवत होतो की आज सांगू. पाहणीच्या दिवशी अठ्ठावन्नांपैकी सहा माणसे हजर होती आणि त्यांतला एक वॉचमन होता. पाहुण्याला मी दुपारी माझ्या भावाच्या शेतात नेले. कोपीच्या सावलीत बसून भज्जी खाताना त्याने अगदी शांतपणे मला विचारले की हे आधी का कळवले नाही. माझ्या तोंडून उत्तर गेले, “सांगणारच होतो.”

ते शब्द मी कुठे ऐकले होते हे आठवायला मला संध्याकाळ झाली.

दुष्काळाने मला जे शिकवले तेही याच जातीचे होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची जी अवस्था झाली ती देशाने पाहिली. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच काळात आमच्याकडे सकाळच्या पाळीला लोक उशिरा येऊ लागले. मी कारण विचारले तर उत्तर मिळे, “असंच, साहेब.” मी दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे खाडे लावले. शहरात टँकरच्या रांगा लागल्या आहेत हे मी रोज वर्तमानपत्रात वाचत होतो, घरी माझी पत्नी तीच रांग लावत होती, आणि तरीही माझ्याच मिलमधला माणूस त्याच रांगेतून उशिरा येतो आहे हे माझ्या डोक्यात आले नाही. कोणी सांगितले नाही, कारण घरातली ओढाताण साहेबापुढे मांडणे म्हणजे सवलत मागणे, आणि मागण्यापेक्षा खाडा परवडला. शेवटी हजेरी लिहिणाऱ्या मुनीमजींनी मला बाजूला घेऊन सांगितले. आम्ही पाळी आठऐवजी दहाला सुरू केली आणि लावलेले खाडे खोडले. खोडताना मी कोणाची माफी मागितली नाही. ती मागायला हवी होती. पण तेव्हा मला ते सुचले नाही, आणि आता फार उशीर झाला आहे.

बायकांच्या बाबतीत तर माझ्यापर्यंत येणारी वाट जवळजवळ बंदच होती. आमच्याकडे चाळणीवर आणि झाडलोटीला बारा-तेरा बाया आहेत. त्यांच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि वाटेवर दिवा नव्हता. ही गोष्ट मला चहा करणाऱ्या आक्कांकडून कळली, तीही मी साखर जास्त झाली म्हणून कुरकुर केल्यावर, “तुम्हाला साखरंचं कळतंय, कडीचं न्हाई कळत” अशा शब्दांत. बाया दिवसभर पाणी कमी पीत होत्या. एका कडीचा खर्च किती असतो ते सांगण्याची गरज नाही. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती आमच्याकडे कागदावर होतीही. पण समितीपुढे कडीची तक्रार जात नाही आणि माझ्यासारख्या पुरुषापुढे तर मुळीच जात नाही. आता दर महिन्याला आक्का त्या सगळ्यांशी बोलतात आणि मला चार गोष्टी सांगतात. कोणी सांगितल्या ते मी विचारत नाही.

तक्रारपेटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती आम्ही माझ्या केबिनबाहेर, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली लावली होती. वर्षभराने उघडली तेव्हा तिच्यात सुपारीची रिकामी पुडी आणि एका लग्नाची पत्रिका निघाली. लग्नाला मी जाऊन आलो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाचेही तेच: सूचना टाकली की पंचवीस अंगठे उमटतात, आणि त्या अंगठ्यांचा अर्थ ‘करू की’पेक्षा निराळा नसतो.

ऐकू लागलेल्या अधिकाऱ्याला मात्र एका नव्या संकटाला तोंड द्यावे लागते आणि त्याबद्दल कोणी सावध करत नाही. लोक सांगू लागले की चहाड्याही येऊ लागतात. आमच्याकडे एक जण रोज संध्याकाळी मला दाराशी गाठून कोण काय म्हणाले, कोण कुठे झोपला होता ते सांगू लागला. सुरुवातीला मला ते आवडले, हे कबूल केले पाहिजे. आपल्याला सगळे कळते आहे या भावनेची चटक लागते. महिनाभरात कट्ट्यांजवळच्या गप्पा पुन्हा बंद पडल्या. लोकांना वाटले की साहेब ऐकतात ते हेर ठेवून. मग मी त्याला विचारू लागलो की हे त्या माणसासमोर सांगशील का, मी त्याला बोलावतो. यंत्राविषयी, मालाविषयी, धोक्याविषयी जे असे, ते तो समोर सांगायला तयार असे. उरलेले तो तिथेच गिळत असे. काही दिवसांनी तो संध्याकाळी सरळ घरी जाऊ लागला. चांगला माणूस आहे तो. फक्त साहेबाच्या जवळ जाण्याचा त्याला तेवढाच रस्ता ठाऊक होता, आणि तो रस्ता रुंद करण्यात माझाही हात होता.

मामांशी मात्र मला सरळ बोलावे लागले. एवढ्या दिवसांनी तो विषय काढणे अवघड होते, कारण त्या फोनची आठवण ठेवणे हेच त्यांना कमीपणाचे वाटत असणार. मी त्यांना मिलमध्ये बोलावले नाही. ते रविवारी लातूरच्या गंजगोलाई बाजारात भाजी घ्यायला येतात हे मला माहीत होते. तिथे गाठून मी म्हणालो, “मामा, त्या रात्री पट्ट्याच्या फोनवर मी तुम्हाला वाईट बोललो. तुमचं बरोबर होतं.” ते म्हणाले, “कवाचं काय काढलाव साहेब, सोडा.” आणि मेथीच्या जुड्यांचा भाव करू लागले. मला वाटले, काही उपयोग झाला नाही. त्यानंतर सात-आठ महिने त्यांचा फोन आला नाही. रजिस्टरातले ‘निरंक’ कमी झाले होते, बाकीचे लोक बोलू लागले होते, पण मामांच्या पाळीचा रकाना कोराच राही.

मग एका रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. “साहेब, झोपला हुता का?” मी झोपलोच होतो, बोलायला तोंड उघडले आणि थांबलो. “बोला मामा.” ते म्हणाले की तीन नंबरच्या रोल्याचा आवाज वेगळा येतो आहे, बेअरिंग असेल, नसंलही. मी स्कूटर काढून गेलो. रोला बंद करून, झाकण काढून आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात तासभर पाहिले. बेअरिंग गरम नव्हते, तेल बरोबर होते, पट्टा ताणलेला होता. काही निघाले नाही. मशीन पुन्हा सुरू केल्यावर आवाजही नेहमीसारखाच येऊ लागला. मामांचा चेहरा पडला. तासाभराचे भरडणे वाया गेले होते आणि साहेबाला उठवून आणले होते ते वेगळेच. आम्ही बाहेर येऊन गेटवरच्या वॉचमनकडचा थर्मासमधला चहा घेतला. मला त्यांना काय म्हणावे ते नीट सुचत नव्हते, आणि सुचलेले सगळेच प्रशिक्षणवर्गातले वाटत होते.

शेवटी मी आत जाऊन रजिस्टर आणले आणि त्यांच्याकडे दिले. त्यांनी चष्मा लावला व शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिले: ‘२:४० – तीन नंबर रोला, आवाज. साहेबांना फोन केला. उघडून पाहिला. काही नाही.’ मी खाली सही केली.